घरी कापलेले ड्रॅग वॉशर: पावसाळ्यातलं काम कुठपर्यंत आलं

मंडळी, पावसाळ्यात खडकावर गरवायला जायचा प्रश्नच येत नाही, मोठ्या बोटीसुद्धा जूनपासून किनाऱ्याला लागलेल्या असतात, त्यामुळे हे दिवस गळाची दोरी गुंडाळायच्या रीली उघडून बसायचे. यंदा ४००० साइजच्या स्पिनिंग रीलचा ड्रॅग घेतलाय, म्हणजे मासा ओढायला लागला की दोरी धरून धरून सोडणारा ब्रेक. आतलं फेल्ट, म्हणजे घर्षणाच्या चकत्यांचं नमद्यासारखं कापड, खारं पाणी पिऊन पिऊन कडक झालंय, वरून काचेसारखी चकाकी आलीये, आणि मॉडेल बंद झाल्यामुळे सुटे वॉशर मिळत नाहीत. मग म्हटलं आपणच कापू.

पहिल्यांदा उघडणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्पूलच्या (दोरी गुंडाळलेल्या चाकाच्या) खोबणीत तारेची क्लिप असते, ती काढली की वॉशरची चळत बाहेर येते. माझ्यात खालून क्रम असा: फेल्ट, डी आकाराच्या भोकाचा स्टीलचा वॉशर, फेल्ट, कानवाला (कडेला बाहेर आलेले दाते असलेला) स्टीलचा वॉशर, फेल्ट, परत डी भोकवाला. डीवाले शाफ्टला धरून उभे राहतात, कानवाला स्पूलबरोबर फिरतो, आणि मधल्या फेल्टवर सगळं घासतं. काढताना मोबाइलवर एकेक फोटो काढत जा, क्रम चुकला तर ड्रॅग लागतच नाही.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात मॅक्स ड्रॅग किती किलो, पण मला त्यापेक्षा सुरुवातीचा झटका महत्त्वाचा वाटतो. तांबोशी गरी घेतल्या घेतल्या सरळ कपारीत घुसते, त्या क्षणी स्पूल चिकटून राहिला आणि मग धाडकन सुटला तर लीडर (गळाजवळचा दोरीचा तुकडा) तिथेच तुटला. पूर्वी तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) ताणला जायचा, तो थोडं सांभाळून घ्यायचा, आताची ब्रेड (विणलेली दोरी) जवळपास ताणलीच जात नाही त्यामुळे सगळा झटका ड्रॅगनेच खायचा असतो. म्हणून मी ताणकाट्यावर दोन आकडे बघतो, स्पूल सुटताना किती आणि फिरत असताना किती. जुन्या फेल्टवर सुटताना ३.२ किलो आणि फिरताना २.३ येत होतं. एवढी तफावत म्हणजे वाईटच.

आधी फेल्टच परत करून बघितलं. कडक दाबलेलं लोकरीचं फेल्ट घ्यायचं, क्राफ्टच्या दुकानातलं रंगीत नको, ते सिंथेटिक असतं आणि गरम झालं की गुळगुळीत होतं. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीटला गॅस्केट आणि इंडस्ट्रियल मालाच्या दुकानांत विचारता येईल. चामड्याला भोकं पाडायच्या पोकळ पंचने आधी आतलं भोक पाडायचं आणि मगच बाहेरचा गोल कापायचा, उलट केलं तर भोक मध्यावर येत नाही. माझं माप बाहेरून २२ आणि आतून ९ मिमी. एक कळकळीची विनंती, स्वस्त मिळते म्हणून जुनी गॅस्केट शीट किंवा ब्रेक लायनिंग कापू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते.

पण खरा फरक पडला तो स्टीलच्या वॉशरने. हे ठोकून कापलेले असतात, एका बाजूची कड गोल आणि दुसऱ्या बाजूला बारीक बर (कापताना राहिलेली धारदार कड). जाड काच घेतली, त्यावर ओला ४०० नंबरचा वॉटर पेपर, वॉशरच्या तोंडावर मार्करने पूर्ण शाई फासली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत घासला. दहा-बारा फेऱ्यांनंतर बघितलं तर बाहेरची कड चमकतेय आणि आतल्या भोकाभोवती शाई जशीच्या तशी, म्हणजे वॉशर चक्क बशीसारखा वाकलेला! शाई पूर्ण जाईपर्यंत घासला, मग १००० नंबर. नुसतं एवढं करून नवीन फेल्टला ड्रॅग ग्रीस लावून बसवलं तर सुटताना २.७, फिरताना २.४.

त्यानंतर कार्बन. पेन (Penn) कंपनीच्या रीलींत एचटी-१०० म्हणून जे ड्रॅग वॉशर येतात ते कार्बन फायबरचेच. मी १ मिमीची कार्बनची फ्रिक्शन (घर्षणासाठीची) शीट घेतली, ड्रोनच्या फ्रेमसाठी मिळते ती चकचकीत इपॉक्सी प्लेट या कामाची नाही. ओबडधोबड तुकडा कापून भोक पाडलं, बोल्टवर दोन मोठ्या वॉशरमध्ये आवळून ड्रिलमध्ये लावला आणि ओल्या पेपरवर मापाला आणला. मास्क लावाच, कार्बनची धूळ बारीक आणि टोचरी असते. ग्रीसचा पातळ हात मारून पुसून घेतला. सुटताना २.५, फिरताना २.४, आणि ओला केला तरी तसाच! मला तर लय आनंद झाला.

एक गोष्ट मात्र बदलते, कार्बन फेल्टसारखा दबत नाही, त्यामुळे नॉब जरा फिरवला की ड्रॅग झपकन वाढतो, बारीक सेटिंगसाठी हात बसवावा लागतो. चळतीची जाडीही मूळ इतकीच ठेवा, नाहीतर क्लिप खोबणीत बसत नाही.

अजून एक, वॉशर रुंद केला म्हणून ड्रॅग वाढत नाही. दाब, घर्षणाचा गुणांक, सरासरी त्रिज्या आणि घासणारे पृष्ठभाग किती, यावर ते ठरतं. रुंदीचा फायदा उष्णता आणि झीज पसरायला.

सेटिंग मी लाइनच्या ताकदीच्या पाव भागाला ठेवतो, २० पौंडाला साधारण सव्वादोन किलो. कारण लाइन बाहेर जाते तसा स्पूलवरचा व्यास कमी होतो, तो अर्ध्यावर आला तर तोच ड्रॅग दुप्पट लागतो.

पुढचं काम टेफ्लॉन. ते सुटताना आणि फिरताना जवळपास सारखंच घसरतं, म्हणून मोह होतोय, पण घर्षण फार कमी आणि दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे २५०० साइजच्या हलक्या रीलमध्येच लावून बघणार. कोणाकडे अर्ध्या मिमीची शीट असेल तर कळवा, आणि तोवर रील ठेवताना ड्रॅग सैल करून ठेवा, फेल्टवाल्यांनी तर नक्कीच.