थर्मामीटर लावून प्यायलेली शॅम्पेन आणि बर्गंडी

शनिवार, २४ जानेवारी
सोमवारी ड्राय डे, त्यामुळे खरेदी आधीच उरकली होती. दादा-वहिनी पुण्याहून आले ते शॅम्पेन घेऊनच. ल मेनिल-सुर-ओजे गावची ब्लां द ब्लां, म्हणजे निव्वळ शार्दने या पांढऱ्या द्राक्षाची. लेबलवर बारीक अक्षरांत आर.एम., म्हणजे ज्याची द्राक्षं त्यानेच केलेली वाइन. एक्स्ट्रा ब्रूट असल्याने साखर लिटरला फार तर ६ ग्रॅम.

फ्रिजमधून काढली तेव्हा ५ अंश. पहिल्या घोटात नुसता आंबटपणा आणि बुडबुडे. दादाचा चेहरा पडला. म्हटलं, "दादा, दहा-पंधरा मिनिटं ग्लास तसाच धरून बस." आमचे ग्लास ट्यूलिप आकाराचे, अरुंद फ्लूट नाहीत. १० अंशांवर आली आणि आधी लिंबाची साल, मग ओला खडू, त्यामागून इराण्याकडच्या ताज्या ब्रुन पावाचा वास! बाटलीत दुसऱ्यांदा आंबल्यावर यीस्टचा गाळ वाइनखाली पडून राहतो, त्यातून हा वास उतरतो. साध्या शॅम्पेनलाही बाटलीत किमान १५ महिने काढावे लागतात, त्यातले १२ या गाळावर. दोन वर्षं नुसता वाचलेला वास आज पहिल्यांदा माझा मला ओळखता आला. सोबत कोथिंबीर वडी. तेलकटपणा जिभेवर राहतच नाही.

रविवार
आज बर्गंडीच्या दोन रेड वाइन, व्होलने आणि पोमार, दोन्ही २०१७च्या. दोन्ही पिनो न्वार या काळ्या द्राक्षाच्या, ज्या गावांची नावं लेबलवर ती एकमेकांना लागून. खोलीत २७ अंश होते. व्होलने मुद्दाम तशीच ओतली. नाकात अल्कोहोल शिरलं आणि फळ मुरंब्यासारखं शिजकं लागलं. गेल्या वर्षी अशीच एक बाटली खराब समजून मी मटणात ओतली होती, त्याची आज मनापासून हळहळ वाटली. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी म्हणतात, ते तिकडच्या गार घरांसाठी. आपल्याकडे फ्रिजला पर्याय नाही.

बाटली आत ठेवली आणि दर पाच मिनिटांनी थर्मामीटर लावत गेले. १६ अंशांना पुन्हा ओतली. आता करवंद, ओली माती आणि अगदी पुसटसा गुलाब. वहिनी म्हणाली, "अगं, ही मघाचीच आहे ना?" पोमार मात्र त्याच तापमानाला कच्च्या जांभळासारखी तुरट, टाळूला धरून ठेवणारी. तिला वेळ हवा. तांबड्या रश्श्यापुढे दोघींचाही टिकाव लागला नाही, मिरी-लसणातल्या मशरूमशी छान जमलं.

सोमवार
उरलेली व्होलने काल लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजात ठेवली होती. आज कालच्याहून मऊ, गुलाब जास्त स्पष्ट. पोमारची दुसरी बाटली २०३० पर्यंत उघडायची नाही. खोक्यावर मार्करने साल लिहून ठेवलं आहे.