वॉशिंग्टनचं कॅपिटॉल : घुमट बघा, पण सिनेटचे कॉरिडॉर चुकवू नका

कॅपिटॉल म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत. तिच्या नेहमीच्या मोफत टूरमध्ये क्रिप्ट (खालचं खांबांचं दालन), रोटुंडा (घुमटाखालचं गोल दालन) आणि पुतळ्यांचं दालन दाखवतात. सिनेटच्या, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, बाजूला तळमजल्यावर असलेले चितारलेले कॉरिडॉर त्यात येत नाहीत. त्यासाठी वेगळी टूर असते, तीही मोफत. दिवस आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्याआधी व्हिजिटर सेंटरच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दोन्हींपैकी एकच जमणार असेल, तर मी बिनदिक्कत ही दुसरी सुचवेन.

ही सगळी करामत कॉन्स्टान्टिनो ब्रुमिडीची. हा जन्माने रोमचा. १८५२ मध्ये अमेरिकेत आला आणि १८५५ पासून जवळपास मरेपर्यंत याच इमारतीत रंगवत राहिला. तेव्हा कॅपिटॉल दोन्ही बाजूंनी वाढवलं जात होतं. सिनेट १८५९ मध्ये नव्या सभागृहात गेली. खालच्या कॉरिडॉरसाठी ब्रुमिडीने धाटणी घेतली व्हॅटिकनमधल्या राफाएलच्या लॉजियाची (चितारलेल्या सज्जाची), पण वेलबुट्टीत बसवले ते अमेरिकेतले पक्षी आणि प्राणी. एखाद्या चौकटीसमोर नुसतं उभं राहा. आधी फक्त वेली आणि पानं दिसतात, मग पानाआडून एक खार, वर एखादा पक्षी, कुठे कीटक. काही गोल चौकटींत थोरामोठ्यांचे चेहरे दगडात कोरलेले वाटतात. प्रत्यक्षात भिंत सपाट आहे, उठाव सगळा छायाप्रकाशाचा. हे बघताना पायाखालच्या मिंटन कंपनीच्या रंगीत फरशीकडेही लक्ष असू द्या. ती खास इंग्लंडहून मागवली होती.

ब्रुमिडीने काही जागा पुढच्यांसाठी मोकळ्या सोडल्या होत्या. त्यात १९७५ मध्ये चंद्रावर उतरलेले अंतराळवीर आले, १९८७ मध्ये अपघातात नष्ट झालेल्या चॅलेंजर अंतराळयानाचा चमू. खरं सांगायचं तर ही नंतरची चित्रं मला फोटोवरून उतरवल्यासारखी वाटली. शेजारच्या वेलींशी त्यांचं काही जमत नाही.

रोटुंडात मान वर करायची ती १८६५ च्या छतचित्रासाठी. ते जमिनीपासून १८० फुटांवर आहे आणि त्यात पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना थेट देवादिकांत बसवलंय! त्याच्या बरंच खाली भिंतीभोवती जो शिल्पपट दिसतो, तोही रंगवलेलाच. १८७९ मध्ये तो रंगवताना सत्तरी ओलांडलेल्या ब्रुमिडीची खुर्ची परांचीवरून घसरली आणि मदत येईपर्यंत तो शिडीला लोंबकळत राहिला. पुढे काही महिन्यांतच तो गेला. पट दुसऱ्यांनी पुढे नेला, पूर्ण व्हायला १९५३ उजाडलं.

सिनेटची प्रेक्षक गॅलरी टूरमध्ये धरलेली नसते, तिचा पास वेगळा लागतो. अमेरिकन नागरिक तो आपल्या सिनेटरच्या कार्यालयातून घेतात. आपल्यासारख्यांना पासपोर्ट दाखवल्यावर व्हिजिटर सेंटरच्या वरच्या मजल्यावरच्या काउंटरवर मिळतो. गॅलरीत मोबाइल, कॅमेरा काहीही नेता येत नाही, सगळं आधी जमा करावं लागतं. घणाघाती वादविवादाची अपेक्षा मात्र ठेवू नका. बऱ्याचदा एकच सिनेटर बोलत असतो आणि शंभरातली बहुतेक बाकं रिकामी. मग बाकांकडेच बघावं, त्यातली काही १८१९ ची आहेत. एका बाकाच्या खणात सगळ्यांसाठी गोळ्या-चॉकलेटं ठेवायची प्रथा १९६० च्या दशकापासून चालू आहे. गॅलरीच्या भिंतीतल्या कोनाड्यांत देशाच्या उपाध्यक्षांचे अर्धपुतळे आहेत, कारण सिनेटचं अध्यक्षपद त्यांच्याकडे असतं.

खाणं आणि पाणी आत नेऊ देत नाहीत. रिकामी बाटली चालते. मोठी सॅक हॉटेलवरच ठेवा. सिनेटच्या बाजूने यायचं तर मेट्रोच्या रेड लाइनने युनियन स्टेशनला उतरून चालत या, एरवी कॅपिटॉल साउथ जवळ पडतं. टूरचं बुकिंग आधी केलेलं बरं, विशेषतः वसंतात आणि उन्हाळ्यात. परतताना रस्त्यावर न येता व्हिजिटर सेंटरमधल्या भुयारी मार्गाने लायब्ररी ऑफ काँग्रेसला जाता येतं; तिथला प्रवेशही मोफत आहे, फक्त वेळेचा पास आधी काढून ठेवा.