तेलुगू येत नाही, तरी के. विश्वनाथ का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हे लिहायचं कधीचं राहूनच जात होतं. प्रश्न नेहमीचाच आहे. तुम्ही मराठी, तेलुगू तुम्हाला जेमतेम भाजी घेण्यापुरतं येतं, मग त्या तेलुगू दिग्दर्शक के. विश्वनाथांचं एवढं काय घेऊन बसलाय? आणि त्याला लागूनच दुसरा, बघायचाच झाला तर कुठला बघू?

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही त्यांचा सिनेमा ऑलरेडी बघितलाय, फक्त तो त्यांचा आहे हे माहीत नाही. ऋषी कपूर डफली वाजवतोय आणि जयाप्रदा मुकी आहे पण नाचते, तो 'सरगम' (१९७९) विश्वनाथांनी आपल्याच 'सिरि सिरि मुव्वा'वरून (१९७६) केला. राकेश रोशनचा 'कामचोर', श्रीदेवी-मिथुनचा 'जाग उठा इन्सान', अनिल कपूरचा 'ईश्वर', हे पण त्यांचेच, आणि हे तिन्ही त्यांच्याच तेलुगू सिनेमांचे रिमेक.

दुसरं असं की मी सोलापूरचा. आमच्याकडे पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारी विणकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, चादरी-टॉवेलचे माग त्यांनीच उभे केले, त्यामुळे तेलुगू कानाला परकी कधी वाटलीच नाही, कळायची नाही एवढंच. शेजारच्या अक्कांकडे भाड्याचा व्हीसीआर यायचा तेव्हा आम्ही पोरं पुढे सतरंजीवर, आणि अक्का मागून अर्ध्या मराठीत अर्धी गोष्ट सांगायच्या, बाकीची अर्धी आमची आम्ही. विश्वनाथांच्या सिनेमात मात्र अक्का गप्प. विचारलं तर म्हणायच्या, अरे हे गुंटूरकडचे लोक, आमच्यासारखं नाही बोलत, आणि तू बघ की, सांगायला काय लागतंय त्यात. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर अक्कांनी तेव्हाच दिलंय.

उरलेलं निम्मं त्यांच्या नोकरीत आहे. काशीनाथुनी विश्वनाथ, जन्म १९ फेब्रुवारी १९३०, गाव गुंटूर जिल्ह्यातलं पेदपुलिवर्रू. बीएस्सी झालेला हा मुलगा मद्रासला वाहिनी स्टुडिओत लागला तो साऊंड डिपार्टमेंटला. डायरेक्टर नंतर, आधी आवाजाचा माणूस. मग अदुर्ती सुब्बाराव यांच्या हाताखाली असिस्टंट, आणि साठीच्या दशकाच्या मध्यावर 'आत्मगौरवम' हा पहिला सिनेमा. पण कान तिथे वाहिनीत तयार झाला, आणि तो कान पुढे पन्नासेक सिनेमे पुरला. सेटवर खाकी कपडे घालायचे हे तर प्रसिद्धच आहे, इथे मी पण बाकीच्यांसारखा कामगारच, म्हणून.

आता बघा, 'सिरि सिरि मुव्वा'ची नायिका मुकी. 'सिरिवेन्नेला'त (१९८६) नायक आंधळा, बासरी वाजवतो, आणि त्याच्यावर जीव टाकणारी चित्रकार मुलगी मुकी, म्हणजे ती बोलू शकत नाही आणि तिने काढलेलं त्याला दिसत नाही, आता करा प्रेम! (बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे, त्यामुळे ऐकायला सबटायटल लागत नाही.) 'शंकराभरणम'मधली तुलसी, मंजू भार्गवी, मुकी नाही पण अख्ख्या सिनेमात बोलते किती तर अगदी थोडं. हा माणूस पात्रांची भाषाच काढून घेतो आणि मग उरलेल्यात काय सांगता येतं ते बघतो. मला तेलुगू येत नाही याची अडचण ज्या सिनेमात सगळ्यात कमी होते तो तेलुगूतल्या सगळ्यात साहित्यिक वळणाच्या दिग्दर्शकाचा असावा, ही गंमतच आहे.

'शंकराभरणम' २ फेब्रुवारी १९८० ला लागला. नायक म्हातारा कर्नाटक गायक शंकरशास्त्री, आणि तो रोल कुणाला, तर जे. व्ही. सोमयाजुलू, नाटकातून काम करणारे सरकारी अधिकारी, डेप्युटी कलेक्टर. हिरो पन्नाशीचा, डान्स नंबर नाही, प्रेमाचं युगुलगीत नाही, नायिका देवदासीच्या घरातली आणि तिला या माणसाकडून हवं काय, तर त्याचं गाणं. सुरुवातीला थिएटरं ओस होती म्हणतात, मग एकाने दुसऱ्याला सांगत सांगत असा चालला की शेजारच्या राज्यांत पण लोक वेडे झाले. के. व्ही. महादेवन यांचं संगीत, आणि शास्त्रींचा आवाज एस. पी. बालसुब्रह्मण्यम. एसपींनी शास्त्रीय संगीत रीतसर शिकलेलं नव्हतं, त्यांना भीतीच वाटत होती, महादेवन यांचे सहाय्यक पुहळेंदी यांनी एकेक गाणं घोटून घेतलं, आणि त्याच गाण्यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार. महादेवन यांना पण, वाणी जयराम यांना पण.

वाणी जयराम म्हटल्यावर आपल्याला थांबावंच लागतं. कुमार गंधर्वांबरोबर 'ऋणानुबंधाच्या' गाणारा जो बाईचा आवाज आहे ना, वसंत देसाईंच्या चालीतला, तो हाच. मूळच्या वेल्लोरच्या, लग्नानंतर मुंबईत बँकेत नोकरी, तिथेच हिंदुस्थानी शिकल्या. म्हणजे कर्नाटक संगीताची आरती ओवाळणाऱ्या या सिनेमातला बाईचा आवाज मुंबईत हिंदुस्थानीवरही घडलेला होता. विश्वनाथ गेले २ फेब्रुवारी २०२३ ला, 'शंकराभरणम'च्या तारखेलाच, आणि वाणीताई दोन दिवसांनी, ४ तारखेला.

पण मला विचाराल तर 'सागर संगमम' (१९८३) वरचा. कमल हासन, नाचात बुडालेला बालू, गरीब, संधी नाही. त्याच्या पाठीशी उभी असलेली माधवी (जयाप्रदा) त्याला दिल्लीच्या नृत्य महोत्सवाची छापील पुस्तिका आणून देते, तो एकेक पान उलटतोय, मोठमोठ्या नर्तकांचे फोटो, कौतुकाने बघतोय, आणि एका पानावर तो स्वतः. त्या क्षणी कमल जे करतो ते हसणं की रडणं हे अजून ठरवता आलेलं नाही मला. आणि मग त्या कार्यक्रमाच्या तोंडावर आई जाते. दुसरा सीन, पुढे दारूत वाया गेलेला बालू पावसात विहिरीच्या काठावर नाचतोय आणि समोर माधवी येते, कपाळाला कुंकू. ती विधवा झालीय, त्याला माहीत नाही, त्याला कळू नये म्हणून तर तिने लावलंय, आणि हा वेडा पावसाने कुंकू पुसेल म्हणून तिच्या कपाळावर हाताचा आडोसा धरतो. इथे भाषांतर कशाचं करणार? मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे कळायला एक शब्द लागत नाही.

आता जे खटकतं ते पण सांगतो, नाहीतर भक्तीच होईल नुसती. 'स्वाती मुत्यम' (१९८६) भारताकडून ऑस्करला गेला होता, कमलचं काम मोठंच आहे, पण भोळा नायक देवळात सीतारामाच्या लग्नातलं मंगळसूत्र उचलून विधवेच्या गळ्यात बांधतो आणि सिनेमा त्याला पुण्यकर्म म्हणतो, तिला विचारलं कुणी? तसंच ब्राह्मण घरांचं, सोवळ्याओवळ्याचं त्यांना फार प्रेम, सुधारणा करायची तर ती पण घरातल्या म्हाताऱ्याच्या परवानगीने. 'सप्तपदी'त (१९८१) पुजारी आजोबा नातसुनेला दलित बासरीवाल्याबरोबर जाऊ देतात. त्या काळात हे धाडसच, राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार उगाच नाही मिळाला, पण निर्णय शेवटी आजोबांचाच राहतो. दुसऱ्या बाजूला हेही खरं, की चिरंजीवी मारधाडीचा स्टार असताना त्याला 'स्वयंकृषी'त (१९८७) चपला शिवायला बसवलं ते याच माणसाने, आणि लोकांनी बघितलं.

दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला २०१६ चा. तोवर ते पडद्यावर आजोबा-वडलांचे रोल करत होते, नवीन पिढी त्यांना ॲक्टर म्हणूनच ओळखायची, असो.

तर कुठला बघू. 'शंकराभरणम'ने सुरुवात करू नका, तो संथ आहे आणि तुम्ही मोबाईल काढाल. 'स्वर्णकमलम' (१९८८) लावा. भानुप्रियाला बापाचा कुचिपुडीचा वारसा नकोच आहे, तिला हॉटेलात नोकरी करून चांगले कपडे घालायचेत, आणि शेजारी राहायला आलेला व्यंकटेश तिच्या मागे लागलाय की नाच. निम्मा सिनेमा कॉमेडी आहे, मजेत जातो. मग 'सागर संगमम', आणि 'शंकराभरणम' तिसरा, रात्री, चांगले हेडफोन लावून. हिंदीतला 'सूर संगम' (१९८५) त्याचाच रिमेक, गिरीश कर्नाड आहेत, आवाज राजन-साजन मिश्रांचा, गाणी जरूर ऐका, सिनेमा नाही बघितला तरी चालेल.