हार्डविक हॉलच्या खिडक्या

आज इंग्लंडच्या डर्बीशायरमधला हार्डविक हॉल हा जुना वाडा पाहिला, अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये. १५९० च्या दशकात बेस ऑफ हार्डविक या श्रीमंत सरदारपत्नीने बांधून घेतलेला, आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा. काच तेव्हा केवढी महाग, आणि इथे भिंतीपेक्षा काचच जास्त! वरच्या मजल्यांवर खिडक्या आणखी उंच होत जातात, कारण मानाची दालनं सगळ्यात वर. सहाही मनोऱ्यांच्या माथ्यावर तिची आद्याक्षरं, ई. एस. (एलिझाबेथ श्रूसबरी), आकाशात दगडाने लिहिल्यासारखी. बाईचा काय दरारा असेल!

लाँग गॅलरीत गवती चटईवर कितीतरी वेळ उभी होते. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले काचेचे छोटे तुकडे, प्रत्येकाचा कल जरा वेगळा. ढग सरला आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळा चमकला.