कपाटामागची भिंत

कपाटामागे काहीतरी पडतं. गुंडी, किल्ली, पेन्सिल. ते काढायला म्हणून दुपारच्या निवांत वेळी लाकडी कपाट वीतभर पुढे ओढावं, तर वस्तू हाताला लागण्याआधी वास नाकाला लागतो. कुबट. हा शब्द नुसता उच्चारला तरी नाक आकसतं. बंद ट्रंक, भिजून वाळलेली वही, घडी घालून विसरलेलं ओलं पायपुसणं ही सगळी याच कुळातली मंडळी.

जुन्या घरातली बुरशी शोधायची तर सुरुवात इथूनच करावी, यंत्रापासून नव्हे. बुरशी वाढताना काही बाष्पं हवेत सोडत राहते. त्यातल्या एकाला अळिंबीचा वास असतो. दुसरं जिओस्मिन, जे पावसानंतरच्या मातीच्या वासातही असतं. अंगणातून आलं तर आपण डोळे मिटून श्वास घेतो, कपाटामागून आलं तर तोंड फिरवतो. पंचाईत ही की नाक फार लवकर सरावतं. घरच्यांना वास येत नाही, पाहुण्याला येतो, पण तो भिडेपोटी बोलत नाही. तपासणारा माणूस म्हणजे भीड सोडलेला पाहुणा, एवढंच. म्हणून आदल्या रात्रीपासून खिडक्या लावून घ्याव्यात, पंखे बंद ठेवावेत, सुवासिक फवारे अजिबात मारू नयेत. आत पाऊल टाकल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं गप्पा नकोत. कोणत्या खोलीत वास वाढला ते तिथल्या तिथे टिपून घ्यायचं. दहा मिनिटांनी तेच नाक सगळं घर छान आहे म्हणून सांगेल.

मग बॅटरी. समोरून झोत मारला तर कुठलीही भिंत सभ्य दिसते. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका झोत टाकला की रंगाखालचे फुगे, सुटू लागलेले पोपडे, गिलाव्यातली बारीक लाट, सगळं सावल्या टाकत उभं राहतं. बुरशी असेल तर मखमलीसारखी लव दिसते. मधोमध काळपट हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका गोलाकार पसरलेला, कडेला पांढुरकी झालर. कपाटाची पाठ जिथे भिंतीला टेकली होती तिथे ठिपके दाट, बाजूला विरळ, आणि जिथे हवा खेळते तिथे एकदम संपलेले. कपाटाने आपली सावलीच भिंतीवर सोडलेली असते.

पांढरं दिसलं की मात्र घाई करू नये. जुन्या विटांच्या भिंतीला लोणा लागतो, आणि त्याला बुरशी समजून घाबरणारे पुष्कळ. चिमटीत चोळून पाहावं. लोणा कचकचतो, त्याची पूड होते, आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला की तो विरघळतो. बुरशी विरघळत नाही, नुसती चिकटून बसते. लोणा निरुपद्रवी असला तरी चुगलखोर आहे: भिंतीतून पाणी येतंय आणि येताना क्षार घेऊन येतंय, हे तो सांगतो. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि वर एक नागमोडी पिवळट रेघ सोडते. रेघेच्या वरची भिंत कोरडी असेल तर नजर जोत्याकडे वळवावी. ओल छताजवळ सुरू होऊन खाली उतरत असेल तर पन्हळ, कौलं, गच्चीचे सांधे. कुठल्याच बाजूने न येता मधेच उगवली असेल तर भिंतीतली नळाची लाइन. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर वाचायचं, दोन तास कुणी पाणी वापरायचं नाही, पुन्हा वाचायचं. काटा हलला असेल तर बुरशीवाल्याला परत पाठवून आधी प्लंबरला बोलवा.

पण कपाटामागच्या भिंतीला यातलं काहीच लागू होत नाही. पाइप नाही, गळती नाही, जोतं कोरडं. मग पाणी आलं कुठून? तर खोलीतल्या हवेतूनच. खोलीत 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता आहे असं धरा. कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत असे आकडे. बाहेरच्या बाजूची भिंत कपाटाच्या आडोशाला थोडी गार राहते, समजा 20 अंश. तीच हवा त्या भिंतीला टेकते तेव्हा तिथली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि बुरशीला साधारण तेवढीच पुरते. दव पडायला भिंत 17 अंशांच्या आसपास उतरावी लागली असती. म्हणजे एक थेंबही न दिसता, बोटाला ओल न लागता, मागे शेती सुरू. पाच अंशांचा फरक आणि कोंडलेली हवा, एवढंच भांडवल.

खात्री करायची तर एक जुना उपाय आहे. भिंतीवर हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवायचा आणि एक-दोन दिवस विसरून जायचं. पाणी प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला साचलं तर हवेतलं, भिंतीकडच्या बाजूला साचलं तर भिंतीतलं. आर्द्रतामापकावर मात्र डोळे झाकून विश्वास टाकू नये. एका बुचात मीठ घेऊन पाण्याचे थेंब टाकून त्याचा ओला लगदा करायचा, मापकासोबत बंद पिशवीत दहा-बारा तास ठेवायचा. आत 75 टक्के दिसले पाहिजेत. 68 दिसले तर घरातल्या प्रत्येक आकड्यात सात मिळवून वाचायचे.

ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र तर आणखी लहरी. ते खरं म्हणजे लाकडासाठी केलेलं. खिडकीच्या चौकटीत टोचलं आणि 20 टक्क्यांच्या वर काटा गेला तर काळजीचं कारण आहे. तेच गिलाव्यात टोचलं की आकड्याला टक्केवारी म्हणून अर्थ उरत नाही, फक्त इथे जास्त की तिथे जास्त एवढंच कळतं. क्षारांनी भरलेल्या भिंतीत ते वाळलेल्या जागीही ‘चिंब’ म्हणून ओरडतं, कारण क्षारांतून वीज सहज वाहते. म्हणून त्याच भिंतीच्या कोरड्या कोपऱ्यात आधी टोचून पाहायचं आणि मग संशयित जागेकडे जायचं. उष्णता दाखवणारा कॅमेराही ओल दाखवत नाही, गारवा दाखवतो. त्यात निळं दिसलेलं सगळं ओलं नसतं.

या सगळ्यांहून भरवशाचा साक्षीदार घरात असतो आणि त्याला कुणी विचारत नाही. घरातलं लहान मूल. तापात पडून राहिलेल्या मुलाला छत पाठ असतं. डागात ससा असतो, मग त्याला शिंग फुटतं, पुढच्या पावसात त्याचा उंट होतो. मोठी माणसं ‘हा डाग जुनाच आहे’ म्हणून मोकळी होतात, मूल सांगतं की आधी इथे कुबड नव्हतं. डाग वाढतोय की नाही, हा तपासणीतला सगळ्यात महागडा प्रश्न, आणि त्याचं उत्तर गादीवर आडवं पडलेलं असतं. मूल मोठं होऊन घराबाहेर पडलं असेल तर पेन्सिल घ्यावी, डागाच्या कडेने रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी. रेघेच्या बाहेर डाग गेला की पाणी चालू आहे.

आता चाचणीबद्दल. बाजारात काचेची झाकणबंद बशी मिळते. ती उघडी ठेवायची, काही दिवसांनी तिच्यात बुरशी उगवली की घर नापास. अशी बशी कुठल्याही घरात ठेवा, काहीतरी उगवतंच; बीजाणू सगळीकडे असतात. वर पुन्हा जड बीजाणू आधी खाली बसतात, हलके तरंगत राहतात, म्हणजे बशीत उगवलेलं हवेतल्या प्रमाणाला धरूनही नसतं. त्यापेक्षा पंपाची पद्धत बरी: मिनिटाला 15 लिटर या वेगाने पाच मिनिटं हवा एका चिकट पट्टीवर ओढायची, आणि त्याच दिवशी बाहेरच्या हवेचा नमुनाही घ्यायचा. बाहेरचा नमुना नसेल तर आतला आकडा लोंबकळत राहतो.

आणि त्या आकड्याचं गणित माहीत असावं. 75 लिटर हवेतली मोजणी एक घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, लावायची म्हणजे साधारण 13.3 ने गुणायचं. सूक्ष्मदर्शकाखाली एक बीजाणू दिसला की अहवालात 13 उमटतात, तीन दिसले की 40. बैठकीच्या खोलीत 13 आणि निजायच्या खोलीत 40 वाचून लोक रात्रभर कूस बदलतात; तिथे दोन बीजाणूंचा फरक असतो. ‘इतक्यापर्यंत चालतं’ अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या आपल्या मार्गदर्शनातही दिलेली नाही. ओल आणि बुरशी असू नये, असली तर काढावी, असं साधं म्हटलंय. अमेरिकेची पर्यावरण संस्थाही सांगते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नाही.

तरी पहिला प्रश्न ठरलेला: कोणती आहे? नाव कळलं की निम्मं दुखणं बरं होतं असा समज दिसतो. सगळ्यांना भीती ‘काळी बुरशी’ची, म्हणजे स्टॅकिबॉट्रिस या भिंतीवरच्या बुरशीची. तिचं पहिलं वर्णन कोर्डा या शास्त्रज्ञाने 1837 मध्ये केलं, तेही प्रागमधल्या एका घरातल्या भिंतीच्या कागदावरून. म्हणजे ओळखपरेडच जुन्या घरात झाली. तिला कागद, पुठ्ठा फार आवडतो आणि पाणी भरपूर लागतं. तिचे बीजाणू चिकट असल्याने ओल्यात हवेत फारसे उडत नाहीत, त्यामुळे हवेच्या नमुन्यात ती नसली म्हणून घरात नाही असं होत नाही. पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबून उचलली तर सापडते. आणि काळी दिसणारी प्रत्येक बुरशी ती नसतेच. नाव कुठलंही निघो, पुढचं काम तेच: पाणी बंद करा, सडलेलं काढा, उरलेलं वाळवा.

भिंतीचा कागद निघालाच आहे तर सांगून टाकतो. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतींच्या कागदाला आर्सेनिकचा हिरवा रंग देत, आणि ओलसर घरांत माणसं आजारी पडत. 1890 च्या दशकात बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन डॉक्टरने दाखवलं की बुरशी त्या रंगातून लसणासारख्या वासाचा आर्सेनिकयुक्त वायू बनवते. त्या वायूने खरोखर किती माणसं मेली यावर मग पुष्कळ वाद झाले. पण गोसिओ नाकाने तपासणी करणारा होता, हे मला आवडतं.

जुन्या भिंतीचं खरं वाटोळं मात्र बुरशी करत नाही, डागडुजी करते. चुन्याच्या भिंतीत ओल शिरते आणि निघूनही जाते. शिवाय ताजा चुना इतका अल्कलीधर्मी की बुरशीला त्यावर पाय रोवता येत नाही. त्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा थापतो, वरून प्लॅस्टिकसारखा चकचकीत रंग. पाण्याचा बाहेर जायचा रस्ता बंद. मग ते वर चढतं, किंवा रंगाला फुगे आणतं. फुगे खरवडून पुन्हा तोच रंग. खरवडतानाही सांभाळून, जुन्या रंगात शिसं असू शकतं, पाणी मारून ओलं करूनच खरवडावं.

साफ करायचं तर साधारण एक चौरस मीटरपर्यंत घरच्या घरी जमतं. एन-95 मास्क, हातमोजे, साबणपाणी, आणि कोरडं झाडायचं नाही. ब्लीच गिलाव्यावर नुसता रंग उडवतो. त्यातलं पाणी आत मुरतं आणि मुळं तशीच राहतात. भिंत वाळली की मापकाने पुन्हा पाहायचं, पंधरा दिवसांनी परत एकदा.

मग कपाट जागेवर. भिंतीपासून चार बोटं दूर, खाली पाय असतील तर उत्तमच, म्हणजे मागून हवा फिरेल. त्या चार बोटांच्या फटीत पुन्हा गुंडी पडते. आणि दोन महिन्यांनी पाहावं तर कपाट भिंतीला टेकलेलं असतं. कुणी सरकवलं, कुणालाच माहीत नसतं.