कॉम्रेडना विचारलं एकदाचं

आज सांगलीत एका डाव्या राष्ट्रीय नेत्याचं भाषण होतं, नाव टाकत नाही, नाव वाचलं की अर्धी मंडळी पुढचं वाचतच नाहीत. शेवटी प्रश्नोत्तरं होती, माईक फिरत फिरत माझ्याकडं आला आणि मी सरळ नंदीग्रामच काढलं, बंगालमधलं ते गाव, जिथं शेतकरी जमीन संपादनाविरुद्ध उभे राहिले होते. म्हटलं साहेब, 14 मार्च 2007 ला पोलिसांच्या गोळीबारात 14 माणसं मेली, सरकार तुमचं होतं, मग इथं येऊन शेतकऱ्याच्या जमिनीवर कुठल्या तोंडानं बोलता? पुढच्या रांगेतले एक काका मागं वळून असे बघायला लागले की जणू मी त्यांच्या ताटात माती टाकली. साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, चूक झाली म्हणाले आणि लगेच गाडी 1978 च्या ऑपरेशन बर्गावर, वाटेकऱ्यांच्या नोंदी केल्या वगैरे. काम मोठंच होतं ओ, पण मी ते विचारलंच नव्हतं ना!

मग म्हटलं, सलग 34 वर्षं सत्ता आणि 2021 ला बंगालच्या विधानसभेत एक आमदार नाही, असं कसं? यावर मात्र माणूस खरं बोलला, म्हणाला आमचा कार्यकर्ता पार्टी ऑफिसात बसून गाव चालवायला लागला, लोकांना त्याचीच भीती वाटायला लागली.

भारी प्रश्न एका कॉलेजच्या पोरीचा. क्रांतिसिंह नाना पाटील 1957 ला कम्युनिस्ट पक्षाकडून साताऱ्याचे खासदार झाले, आज या पट्ट्यात तुमचं डिपॉझिट तरी वाचेल का? साहेब नुसते हसले. तेवढ्यात संयोजकांनी वेळ संपली म्हणून माईक काढून घेतला.