दूध बाधणाऱ्या मुलीचा आहार तिच्या हाती देताना

आमच्या दहा वर्षांच्या मुलीला लॅक्टोज इन्टॉलरन्स आहे, म्हणजे दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर तिच्या आतड्यात पुरेसे तयार होत नाही. दुधाची अ‍ॅलर्जी निराळी आणि हा त्रास निराळा, हे इथे इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी आम्हाला आधी समजावले. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारशक्ती दुधातल्या प्रथिनांवर उलटते आणि अगदी थोडे दूधही जिवावर बेतू शकते, त्यामुळे तिथे करून पाहण्याला जागाच नसते. लॅक्टोजचा प्रश्न मात्र प्रमाणाचा असतो. ते जास्त झाले तर पोट फुगते, दुखते, जुलाब होतात आणि काही तासांत सारे निवळते. ज्या त्रासाची मर्यादा फक्त जिचे पोट तिलाच कळते, तो आईवडिलांनी किती काळ सांभाळायचा? म्हणून आम्ही तो हळूहळू तिच्याकडे सोपवला.

इथल्या कायद्याची यात मोठी मदत होते. डिसेंबर २०१४ पासून पाकिटावरच्या घटकांच्या यादीत अ‍ॅलर्जी आणणारे १४ पदार्थ उठून दिसतील असे छापावे लागतात आणि दूध हे त्यांतले एक आहे. वेफर्सच्या मसाल्यात मिसळलेली व्हे पावडर, म्हणजे दुधाच्या निवळीची भुकटी, वाचता येणाऱ्या मुलाला स्वतःच सापडते. पण ही खूण अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी आहे. तूप आणि जुने चेडर चीज यांच्यावरही ती असते, आणि हे दोन्ही आमच्या मुलीला बिनदिक्कत चालतात. त्यामुळे ती पाकिटाची दुसरी बाजू पाहते, जिथे १०० ग्रॅममध्ये साखर किती ते लिहिलेले असते. साध्या दुधात ती सुमारे ४.७ ग्रॅम असते आणि ती सगळी लॅक्टोजच असते. चेडरमध्ये तिथे जवळजवळ शून्य दिसते. वरून साखर घातलेल्या पदार्थांना हा हिशेब लागू पडत नाही, हेही तिला ठाऊक आहे.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये म्हटले होते की बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेला दूध, फारसा त्रास न होता सोसते. आमच्या मुलीची मर्यादा त्याहून कमी आहे आणि ती तिने स्वतः ओळखली आहे. वाढदिवसाच्या पार्टीत आइस्क्रीम थोडे घ्यायचे, आधी लॅक्टेजची गोळी घ्यायची की नकोच म्हणायचे, हे ती ठरवते. क्वचित ती जास्त खाते आणि रात्री पोट धरून बसते; तेव्हा आम्ही गरम पाणी देतो, व्याख्यान देत नाही.

खरी कसोटी सुट्टीत सांगलीला लागते. तिथे एक नातेवाईक म्हणतात, एवढ्याशाने काही होत नाही, आणि दुसरे म्हणतात, हिला दुधाचे काही देऊच नका. दोघेही प्रेमाने बोलतात, पण दोघेही तिला विचारत नाहीत. तिचे उत्तर तयार असते: “आजी, बासुंदी नको, पण श्रीखंड दे.” यात लाडाचा हट्ट नाही. दूध आटवताना लॅक्टोज घट्ट होते, म्हणून बासुंदी आणि खव्याचे पेढे तिला जड जातात. विरजणातले जीवाणू मात्र थोडे लॅक्टोज संपवतात आणि चक्का बांधताना बरेचसे पाण्याबरोबर निघून जाते. आजींनी हे एकदा नीट ऐकून घेतले, तेव्हापासून त्या तिच्यासाठी चक्का आदल्या रात्रीच बांधून ठेवतात.

एक गोष्ट आम्ही अजून आमच्याकडेच ठेवली आहे, ती म्हणजे कॅल्शियम. सात ते दहा वर्षांच्या मुलांना रोज ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे असे इथली आरोग्यसेवा सांगते, आणि त्याची उणीव पोट दुखून कळत नाही. त्यामुळे लॅक्टोजमुक्त दूध (त्यात कॅल्शियम नेहमीच्या दुधाइतकेच असते), तीळ आणि १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी यांचा मेळ आम्ही घालतो. अकराव्या वर्षापासून मुलींसाठी हा आकडा ८०० होतो. तोवर हा हिशेबही तिला शिकवायचा आहे.